डोळा लाल कमी, दुखणं जास्त: पाण्यातून होणाऱ्या डोळ्याच्या संसर्गात घरच्यांनी काय करायचं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा झाला होता आणि खळ्यावर सोयाबीनची मळणी चालू होती. यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्यात भुसकट उडालं. त्यांनी आपल्याकडे कुणीही करतं तेच केलं. गोठ्याशेजारच्या हौदात ओंजळ बुडवली, डोळ्यावर पाण्याचे चार-पाच हबके मारले, टॉवेलनं डोळा चोळला आणि परत कामाला लागले. हौदाच्या कडांना हिरवं शेवाळ होतं, तळाशी गाळ होता. त्याच हौदावर आमची जनावरं पाणी पितात.

त्या ओंजळीनं आमचे पुढचे सात महिने खाल्ले. त्यातला पहिला सव्वा महिना आम्ही चुकीच्या वाटेनं घालवला आणि डोळ्याचं खरं नुकसान त्याच काळात झालं. मी डॉक्टर नाही. अण्णांचा हात धरून रुग्णालयाच्या बाकांवर बसताना, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारताना जे कळलं, ते क्रमानं लिहितोय. तुमच्या घरी अशी वेळ आली तर तो सव्वा महिना तरी वाचावा.

आधी, हा प्रकार काय आहे

अण्णांना झालेल्या आजाराचं नाव ॲकँथामिबा केराटायटिस. ॲकँथामिबा हा एकपेशीय जीव माती, विहीर, तलाव, नळाचं पाणी, टाकीतला चिकट थर अशा सगळीकडे असतो. आपण रोज त्याच्या संपर्कात येतो आणि बहुतेकांना काहीच होत नाही. मात्र बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, बारीक ओरखडा असेल आणि त्यावर असं पाणी गेलं, तर तो आत शिरू शकतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती दुहेरी कवच करून बसतो. या कवचातल्या अवस्थेला सिस्ट म्हणतात. पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरीननं सिस्ट मरेल याची खात्री नसते आणि वाळली तरी ती टिकते. म्हणूनच उपचार महिनोन् महिने चालतात.

माणसाच्या डोळ्यात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो १९७३ साली, अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये. तो रुग्णही डोळ्याला इजा झालेला, गुरं पाळणारा माणूस होता. पुढे पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे उलट आहे. भारतातले बहुतेक रुग्ण लेन्स न वापरणारे असतात. डोळ्यात काहीतरी लागलेलं असतं आणि माती किंवा गढूळ पाणी गेलेलं असतं.

घाबरून जाऊ नका, हा आजार दुर्मीळ आहे. भारतातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर कॉर्नियाच्या संसर्गाच्या शंभर रुग्णांत ॲकँथामिबाचे एक-दोनच निघतात. दुर्मीळ असल्यामुळे होतं काय, की तो लवकर कुणाच्या ध्यानात येत नाही.

१. पहिली दहा मिनिटं: डोळा धुवा, पण कशानं ते बघा

भुसकट, कुसळ, माती, उसाचं पाचट, कापसाची नख असं काही लागलं तर डोळा चोळू नका. उकळून गार केलेल्या पाण्यानं किंवा मेडिकलवर मिळणाऱ्या सलाईनच्या सीलबंद बाटलीतल्या पाण्यानं धुवा. पाणी चांगलं खळखळून उकळलेलं हवं, नुसतं कोमट केलेलं चालत नाही. हौद, शेततळं, पाझर तलाव, कॅनॉल, टिपाडात साठवलेलं पाणी डोळ्यासाठी वापरू नका.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. डोळ्यात चुना, फवारणीचं औषध, ॲसिड असं काही गेलं असेल तर चांगल्या पाण्याची वाट बघत बसायचं नाही. हाताशी असेल त्या पाण्यानं लगेच, भरपूर, पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

गावात जिभेनं डोळ्यातला कचरा काढून देणारी एखादी आजी असते. तिची माया खरी आहे, पण जखमेवर तोंडातले जंतू जातात. मध, तूप, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध यातलं काहीही घालू नका.

२. दुखण्याची जात ओळखा

तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "डोळा लई दुखायलाय रे, आतून कुणी दाभण फिरवल्यागत." मी बघितलं तर डोळा थोडासा लाल. मला वाटलं, डोळे आलेत. तिथेच पहिली चूक झाली.

साथीत डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही डोळे लाल होतात, चिकट घाण येते, पापण्या चिकटतात आणि ठणक त्या मानानं कमी असते. अण्णांचं सगळं उलटं होतं. एकच डोळा, घाण नाही, नुसतं पाणी, आणि उजेड सहन होत नव्हता. दुपारी दार लोटून, खिडकीला गोधडी लावून बसायचे. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडायची, तर तिच्याकडे पाठ करून बसायचे. रात्री ठणका कपाळापर्यंत जायचा.

दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त असेल, तर ही मोठी खूण समजा. पण प्रत्येकाला एवढं दुखेलच असं नाही. म्हणून पुढच्यापैकी काहीही दिसलं तर चोवीस तासांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा:

- इजा किंवा मातीपाण्यानंतर एकच डोळा लाल होऊन दुखणं
- उजेडाकडे बघता न येणं
- नजर धूसर होणं
- बुबुळावर पांढुरका ठिपका किंवा कडं दिसणं

बुबुळावरचं गोल कडं ही या आजाराची प्रसिद्ध खूण आहे. पण ती बऱ्याच उशिरा दिसते, तिची वाट बघू नका.

३. मेडिकलवरून ड्रॉप आणू नका

हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतोय. तालुक्याच्या एका मेडिकलवर मी "डोळा लाल झालाय" एवढंच सांगितलं आणि बावीस-पंचवीस रुपयांची छोटी बाटली घेऊन आलो. दोन दिवसांत लाली उतरली. अण्णांना बरं वाटलं, मलाही. चार दिवसांनी दुखणं दुप्पट होऊन परत आलं.

त्या ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबतं. त्यामुळे वरून डोळा शांत दिसतो आणि आत जंतूला मोकळं रान मिळतं. ॲकँथामिबा असो की बुरशी, तपासणीआधी स्टेरॉइड पडलं की आजार झाकला जातो आणि खोल उतरतो. बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. डोळ्यांचे डॉक्टर योग्य वेळी, लक्ष ठेवून हेच औषध देतात, तो भाग वेगळा. आपण आपल्या मनानं घालायचं नाही, आणि शेजाऱ्याची उरलेली बाटली तर अजिबात नाही.

अशीच आणखी एक गोष्ट म्हणजे डोळा बधिर करायचा ड्रॉप. तपासणीच्या वेळी तो घातला की क्षणात दुखणं थांबतं. अण्णांनी तीच बाटली मागितली होती. डॉक्टरांनी दिली नाही, आणि बरोबर केलं. घरी सारखा वापरला तर त्यानं कॉर्निया आणखी खराब होतो.

डोळ्यावर कापूस लावून घट्ट पट्टीही बांधू नका. उन्हासाठी काळा चष्मा पुरे.

४. कुठे जायचं

पहिल्यांदा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. त्यांच्याकडे हनुवटी टेकवून बघायचं स्लिट लॅम्प यंत्र असतं. तिथे एकच प्रश्न विचारा: "इथे कॉर्नियाचं स्क्रॅपिंग करून जंतू तपासता येतो का?" स्क्रॅपिंग म्हणजे जखमेचा थोडासा भाग खरवडून घेणं. ते होत नसेल तर चिठ्ठी घेऊन पुढे निघा.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, जालन्याचं गणपती नेत्रालय, उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय ही ठिकाणं लोकांना माहीत आहेत. नांदेड, परभणी, लातूरकडचे लोक हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतही जातात. निघण्याआधी फोन करून कॉर्नियाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारा. आम्ही एकदा न विचारता गेलो, डॉक्टर सुट्टीवर होते आणि दोन दिवस गेले.

सोबत हे न्या:

- आतापर्यंत घातलेल्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या आणि मलमं, रिकामी असली तरी
- जुन्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे कागद
- आधार कार्ड, रेशन कार्ड
- शुगर, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं
- काळा चष्मा, कडेनं सावली देणारी टोपी किंवा मोठा रुमाल
- लेन्स वापरत असाल तर लेन्स आणि तिची डबी, न धुता. डबीतूनही जंतू सापडू शकतो.

५. डॉक्टरांना पाण्याचं सांगा

मेडिकलनंतर आम्ही ज्या दवाखान्यात गेलो, तिथे अण्णांना "हर्पिस आहे", म्हणजे विषाणूचा संसर्ग आहे, म्हणून तीन आठवडे मलम दिलं. त्यात फार नवल नाही. सुरुवातीला ॲकँथामिबाची जखम हर्पिससारखीच दिसू शकते आणि जगभर ही गल्लत होते. पण हौदाचं आम्ही सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं नाही, आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. भुसकट गेलं, एवढंच बोललो.

पुढे मोठ्या नेत्र रुग्णालयात कॉर्नियाच्या डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, डोळा कशानं धुतला होता?" अण्णांनी हौदाचं सांगितलं. बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवला आणि त्याच दिवशी स्क्रॅपिंगची चिठ्ठी दिली.

म्हणून घरूनच एका कागदावर लिहून न्या. डोळ्यात काय गेलं, कोणत्या तारखेला. कशानं धुतलं: विहीर, बोअर, हौद, टँकर, नळ. त्या आधीच्या महिनाभरात नदीत, तलावात, पोहण्याच्या तलावात डुबकी मारली का? नाथषष्ठीला पैठणला किंवा नांदेडला गोदावरीत स्नान झालं असेल तर तेही लिहा. घरी पाणी किती दिवस साठवता, टाकी शेवटची कधी घासली? कोणता ड्रॉप किती दिवस घातला? घरगुती उपाय केला असेल तर लाजू नका, तोही लिहा.

आपल्या भागात साठवणीचं पाणी हा कुणाचा दोष नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आठ-आठ दिवसांनी नळ येतो तिथे टाक्या आणि टिपाडं भरूनच ठेवावी लागतात. पण म्हणूनच आपण हे सांगायला चुकता कामा नये.

६. स्क्रॅपिंग: भ्यायचं नाही, टाळायचंही नाही

नाव ऐकून अण्णांनी माझा हात घट्ट धरला होता. प्रत्यक्षात बधिर करायचा ड्रॉप घालतात, पाच मिनिटं थांबतात, आणि बारीक पात्यानं जखमेच्या कडेचा थोडासा भाग खरवडून काचपट्टीवर घेतात. समोर जोराचा उजेड असतो, त्याचाच त्रास जास्त. टाके नाहीत, भरती व्हायची गरज बहुधा नाही.

त्या काचपट्ट्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची साधी तपासणी झाली तर बुरशी किंवा सिस्ट त्याच दिवशी दिसू शकतात. उरलेला नमुना कल्चरला लावतात, म्हणजे थाळीवर जंतू वाढवून बघतात. त्याला काही दिवस लागतात. ॲकँथामिबासाठी थाळीवर आधी ई. कोलाय जिवाणूंचा थर देतात. अमिबा ते खात पुढे सरकतो आणि त्याची वाट थाळीवर उमटते. हे मला प्रयोगशाळेतल्या ताईंनी दाखवलं. ज्या जिवानं अण्णांना महिनाभर झोपू दिलं नव्हतं, त्याचा माग बघताना अंगावर काटा आला.

एकदा काही सापडलं नाही तर डॉक्टर पुन्हा स्क्रॅपिंग करू शकतात. नकार देऊ नका.

रिपोर्टमध्ये वेगळंही काही निघू शकतं. शेतातल्या इजेनंतर सगळ्यात जास्त आढळते ती बुरशी, आणि तिची औषधं वेगळी. पिथियम नावाचा पाण्यात, दलदलीत राहणारा जीव बुरशीसारखाच दिसतो, पण बुरशीच्या औषधाला दाद देत नाही. त्याला लिनेझोलिड, अझिथ्रोमायसिन अशी औषधं देतात आणि अनेकदा शस्त्रक्रिया लागते. बुरशीचं औषध नीट घालूनही डोळा बिघडत चालला, तर "पिथियम असेल का?" हे विचारायला संकोच करू नका. पावसाळ्यात चिखलपाण्यातून मायक्रोस्पोरिडिया नावाच्या सूक्ष्म जिवाचा संसर्ग होतो, तो बहुधा सौम्य असतो. जनावरं डुंबतात त्या तळ्यात अंघोळ करणाऱ्यांना क्वचित ऱ्हायनोस्पोरिडियोसिस होतो. पापणीच्या आत लालबुंद मांसल गाठ येते, तिच्यावर पांढरे ठिपके असतात. ती शस्त्रक्रियेनं काढतात. एकाकडून दुसऱ्याला ती लागत नाही.

७. औषधाचे पहिले पंधरा दिवस

ॲकँथामिबावर मुख्य औषधं दोन, पीएचएमबी आणि क्लोरहेक्झिडिन. दोन्ही साधारणपणे ०.०२ टक्के इतकी सौम्य करून वापरतात. हे ड्रॉप गल्लीतल्या मेडिकलवर तयार मिळत नाहीत. बऱ्याचदा मोठ्या नेत्र रुग्णालयाच्या औषध विभागातच बनवून देतात. म्हणून निघताना बाटली किती दिवस टिकते, कशी ठेवायची, संपल्यावर कुठून मिळेल, हे तीन प्रश्न विचारूनच बाहेर पडा. गावी आल्यावर बाटली संपली तर पंचाईत होते. हात-पाय धुवायचं क्लोरहेक्झिडिन दुकानात दिसेल, ते डोळ्यात कधीही घालायचं नाही.

पहिले दोन दिवस दर तासाला ड्रॉप घालायचे होते, रात्रीसुद्धा. आई, मी आणि धाकटा भाऊ अशा तीन पाळ्या केल्या. मोबाइलवर तासातासाचे गजर लावले. वहीत चार रकाने आखले: वेळ, पहिला ड्रॉप, दुसरा ड्रॉप, कुणी घातला. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला मला खात्रीनं वाटत होतं की दोनचा ड्रॉप घातलाय. वही बघितली तर रकाना कोरा होता.

ड्रॉप घालताना हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. खालची पापणी हलकेच ओढा, एकच थेंब सोडा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन वेगळ्या ड्रॉपमध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. ड्रॉप झोंबतात. अण्णा दात आवळून पडून राहायचे. ठणका कमी व्हावा म्हणून बाहुली मोठी करणारा ड्रॉपही देतात, त्यानं उजेडाचा त्रास आणि धूसरपणा वाढतो. हे आधी माहीत नसेल तर "औषधानं डोळा बिघडला" असं वाटतं.

या काळात डोक्यावरून अंघोळ नको. पुढून चेहरा ओल्या फडक्यानं पुसायचा, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही.

८. पुढचे महिने

आठवड्याभरात दुखणं कमी होऊ लागलं की औषध सोडायचा मोह होतो. सोडू नका. सिस्ट शिल्लक राहिली तर आजार उलटतो. थेंबांची संख्या हळूहळू उतरवत साधारण तीन ते सहा महिने, कधी वर्षभर औषध चालतं. अण्णांचं सहा महिने चाललं.

खर्चात मोठा वाटा प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा असतो. शस्त्रक्रिया लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

९. घरात आणि खळ्यावर काय बदलायचं

मळणीला आणि ऊसतोडीला डोळे झाकणारा प्लास्टिकचा चष्मा लावा. वेल्डिंगच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. खळ्यावर सलाईनची एक सीलबंद बाटली ठेवा. फोडली की उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. टाकी, हौद, टिपाड रिकामं होईल तेव्हा कडांचा बुळबुळीत थर घासून काढा आणि कडक उन्हात वाळू द्या. यानं अमिबा संपत नाही, पण शेवाळ आणि जंतू कमी झाले की त्याचं खाणं कमी होतं.

कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनो, लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्यानं धुऊ नका. फिल्टरचं, बिसलेरीचं पाणीही नको. लेन्स घालून अंघोळ, पोहणं, झोपणं टाळा. डबीतलं द्रावण रोज पूर्ण बदला, उरलेल्यात भर घालू नका, आणि डबी तीन महिन्यांनी नवी घ्या.

१०. फूल पडलं तर

अण्णांचा संसर्ग गेला, पण बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, राहिलं. त्या डोळ्यानं समोर हात हलला तर कळतो, बोटं मोजता येत नाहीत. कॉर्निया बदलायची शस्त्रक्रिया होऊ शकते. पण संसर्ग पूर्ण गेल्यावर डोळा काही महिने शांत राहावा लागतो आणि मग नेत्रपेढीतून कॉर्निया मिळायची वाट बघावी लागते. आता आम्ही त्या यादीत आहोत.

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा असतो, तेव्हा जिल्हा रुग्णालयात अर्ज भरून घेतात. अर्ज भरलेला नसला तरी घरचे लोक नेत्रदान करू शकतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. त्यांना कळवल्यावर पापण्या मिटवून त्यावर स्वच्छ ओला कापूस ठेवायचा, खोलीतला पंखा बंद करायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा चष्मा असलेल्या माणसाचाही कॉर्निया चालतो.